खनिज तेलाची ओहोटी

आपल्या मराठी भाषेत 'रॉकेल' हा शब्द इतका रुळला आहे की, तो बाहेरून आला असे कोणास वाटतही नाही. इंग्रजीत 'रॉक' म्हणजे खडक आणि 'ऑइल' म्हणजे तेल. ह्या दोन शब्दांचा आपल्या बाजारपेठेत 'रॉकेल' झाला आणि पुढे तो दिव्यात व स्टोव्हमध्ये घालावयाच्या तेलापुरता राहिला. 'पेट्रोलियम' ह्या विद्वानांच्या शब्दाचा अर्थही हाच आहे: 'पेत्रा' म्हणजे खडक आणि 'ओलियम' म्हणजे तेल. करडईचे, तिळाचे किंवा भुईमुगाचे तेल संपले, तर पुढल्या हंगामात पेरणी करून ते पुन्हा मिळविता येते. खडकाच्या तेलाची पेरणी करिता येत नाही. ह्या एका भेदातून आजच्या जगाच्या अर्थव्यवहारातील पुष्कळ चिंता निर्माण झाल्या आहेत. त्या चिंतांचे स्वरूप काय व आपल्या धाराशिव जिल्ह्यातील घरादारांशी त्यांचा संबंध कसा पोचतो, ह्याचा विचार आम्ही ह्या लेखात करणार आहो. विषय रुक्ष वाटला, तरी विद्यार्थ्यांनी पाटी-पेन्सिल जवळ घेऊन तो वाचावा. पालकांनीही सवडीने त्यावर नजर टाकावी, कारण घरखर्चाचा हिशेब तेच ठेवितात.

तेलावाचून काय अडते?

आमच्या जिल्ह्यात तेलाची एकही विहीर नाही. पण तेलावाचून चालणारे एकही घर नाही. शेतातील ट्रॅक्टर डिझेलवर चालतो. सोयाबीन मोंढ्यावर नेणारा टेंपो, द्राक्षांच्या पेट्या दूरच्या बाजारात नेणारी मालमोटार आणि तुळजापूरच्या यात्रेस जाणारी एस. टी. ह्यांचा मोठा भार आजही डिझेलवरच आहे. रस्त्यावर पसरलेले डांबर हा तेलाच्या शुद्धीकरणात तळाशी उरणारा भाग होय. ठिबक सिंचनाच्या नळ्या, शाळेच्या दप्तरातील डबा आणि बाटली, यंत्रांचे वंगण, ही सर्व त्याच कुळातील. शेतकरी पिकास जो युरिया घालतो तो बहुतांशी नैसर्गिक वायूपासून तयार होतो. आणि हा वायू पुष्कळदा तेलाबरोबरच जमिनीतून निघतो. अलिबागजवळील थळ येथील खतांचा मोठा कारखाना मुंबईच्या समुद्रातील वायूच्या आधारेच १९८५ च्या सुमारास उभा राहिला. तेव्हा पेट्रोल पंपावर जो कधी गेला नाही, त्याच्याही ताटातील भाकरीत तेलाचा अंश आहे, हे ध्यानात ठेवावे.

आपल्या भूमीत तेल का नाही?

काही विद्यार्थी विचारतात की, आपल्याकडे इतक्या कूपनलिका खोदल्या जातात. मग एखादीस तेल का लागत नाही? ह्याचे उत्तर भूगर्भशास्त्रात आहे. तेल हे प्राचीन समुद्रातील सूक्ष्म जीव व वनस्पती ह्यांच्या अवशेषांपासून बनले. ते अवशेष गाळाखाली दबले, त्यांवर थरांवर थर साचले, पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने ते कोट्यवधी वर्षे शिजले आणि त्यांचे तेल व वायू झाले. हे तेल गाळाच्या सच्छिद्र खडकात साठून राहते. वर अभेद्य खडकाचे झाकण असेल तरच ते टिकते.

मराठवाड्याची भूमी निराळ्या रीतीने घडली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचे थर गोठून आपला काळा दगड झाला आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी जो भयंकर भूकंप झाला त्यात किल्लारी व आपल्या जिल्ह्यातील सास्तूर इत्यादी गावे उद्ध्वस्त झाली. त्यानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारी येथे खोल छिद्र घेऊन पाहिले. तेव्हा सुमारे ३४० मीटर जाडीचा काळा दगड, त्याखाली अवघा आठ मीटरांच्या आसपास गाळाचा थर आणि त्याखाली अतिप्राचीन कठीण खडक, असा क्रम आढळला. जेथे गाळाचा थर इतका पातळ, तेथे तेलाचे भांडार कोठून असणार? निसर्गाने आपणांस कापसाची व ज्वारीची काळी माती दिली, तेल दिले नाही. ते आपणांस विकतच घ्यावे लागते. आणि जो विकत घेतो त्याने भावाकडे व साठ्याकडे नजर ठेविली पाहिजे.

मुंबईच्या समुद्रातील भांडार

महाराष्ट्राच्या भूमीत तेल नसले, तरी महाराष्ट्राच्या समुद्रात ते आहे. मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेस 'सागर सम्राट' नावाच्या तरत्या वेधनयंत्राने १९७४ च्या फेब्रुवारीत समुद्रतळाखालील चुनखडीच्या थरांत तेल शोधून काढिले. ह्या क्षेत्रास 'बॉम्बे हाय' व पुढे 'मुंबई हाय' असे नाव पडले. २१ मे १९७६ रोजी तेथून तेल काढण्यास आरंभ झाला. पुढे समुद्रतळावरून उरणपर्यंत नळ टाकण्यात आले.

हा शोध किती योग्य समयी लागला, हे समजण्यासाठी त्यापूर्वीची स्थिती पाहू. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध झाले आणि अरब राष्ट्रांनी काही देशांस तेल देण्याचे बंद केले. काही महिन्यांतच तेलाचा भाव पिंपास सुमारे तीन डॉलरांवरून बारा डॉलरांच्या घरात गेला. (पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर, जगात तेलाचे माप ह्याच परिमाणाने करितात.) हॉलंडसारख्या श्रीमंत देशात रविवारी मोटारी चालविण्यास बंदी झाली. महाराष्ट्र तर १९७२ च्या दुष्काळातून नुकता कोठे सावरत होता. १९७४-७५ साली भारतात घाऊक किमती सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्या. अशा वेळी मुंबईच्या समुद्रातील तेलाने देशास मोठा आधार दिला.

पुढील आकडे विद्यार्थ्यांनी वहीत लिहून घ्यावेत. १९७३-७४ साली भारतात सुमारे ७२ लक्ष टन तेल निघत असे. १९८४-८५ साली ते सुमारे २ कोटी ९० लक्ष टन झाले; त्या वर्षी देशाच्या एकंदर गरजेचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग देशातील तेलाने भागविला. १९८९ च्या मार्चमध्ये मुंबई हाय आपल्या शिखरावर पोचले: त्या वेळी तेथून रोज सुमारे ४ लक्ष ७६ हजार पिंपे तेल निघत होते. त्यानंतर मात्र ओहोटी लागली. २०२४ च्या सुमारास हाच आकडा रोज १ लक्ष ३४ हजार पिंपांच्या आसपास आला होता. शिखराशी तुलना करिता हा चौथ्या हिश्श्याहून थोडाच अधिक आहे.

ह्या तेलाची खरी किंमत पैशात मोजून भागत नाही. २७ जुलै २००५ रोजी, म्हणजे मुंबईतील त्या प्रलयंकर पावसाच्या दुसऱ्याच दिवशी, मुंबई हायच्या उत्तर भागातील एका मंचास मदतनौकेची धडक बसून आग लागली. अर्ध्या दिवसाच्या आत तो मंच नष्ट झाला आणि २२ माणसे प्राणास मुकली. दिव्याखाली अभ्यास करणाऱ्याने अशा माणसांचे स्मरण ठेविले पाहिजे.

ओहोटी का लागते?

पाण्याने भरलेली विहीर जशी तळापर्यंत उपसता येते तसे तेलक्षेत्राचे नसते. तेल हे पोकळीत साचलेले तळे नव्हे. ते ओल्या विटेतील पाण्यासारखे खडकाच्या रंध्रांत भरलेले असते. आरंभी वरील थरांच्या भाराने व आत कोंडलेल्या वायूने ते आपोआप वर येते. जसजसे तेल निघते, तसतसा आतील दाब कमी होतो. मग समुद्राचे पाणी आत दाबून तेलास पुढे ढकलावे लागते. काही काळाने तेलाबरोबर तेच पाणी वर येऊ लागते. एक पिंप तेलासाठी अनेक पिंपे पाणी उपसावे लागते आणि खर्च वाढतो. शेवटी खडकात तेल शिल्लक असूनही ते काढणे परवडत नाही. सर्वसाधारणपणे खडकातील तेलाचा एक-तृतीयांशाच्या आसपास भागच माणसाच्या हाती येतो.

अतिउपशाने ही ओहोटी अधिक लवकर येते. आपल्या भागातील शेतकऱ्यांस हे सांगावयास नको. एका शिवारात कूपनलिका वाढल्या आणि रात्रंदिवस उपसा झाला म्हणजे सर्वांचेच पाणी खोल जाते. मुंबई हायमध्येही १९८० नंतरच्या दशकात फार वेगाने उपसा झाला, त्यामुळे दाब घटला व वायू अधिक निघू लागला, अशी टीका त्या काळी झाली. १९८९-९० साली देशाचे तेल-उत्पादन सुमारे ३ कोटी ४१ लक्ष टन होते. ते १९९२-९३ साली सुमारे २ कोटी ७० लक्ष टनांवर आले. परंतु विहिरीत व तेलक्षेत्रात एक भेद आहे: चांगला पावसाळा झाला म्हणजे विहीर पुन्हा भरते, तेलक्षेत्रावर तसा पाऊस कधीच पडत नाही.

एक लहानसे गणित

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२५ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, शिखर ओलांडलेल्या नेहमीच्या तेलक्षेत्रांचे उत्पादन सरासरी दरसाल ५.६ टक्क्यांनी घटत असते. हा आकडा लहान दिसतो. मोठ्या विद्यार्थ्यांनी चक्रवाढ व्याजाचे सूत्र उलट दिशेने लावून पाहावे. आरंभी १०० घागरी धरा. पहिल्या वर्षाच्या शेवटी ९४.४, दुसऱ्याच्या ८९.१, तिसऱ्याच्या ८४.१ आणि चौथ्याच्या ७९.४ घागरी उरतात. असेच पुढे गेल्यास सहाव्या वर्षी सुमारे ७१ आणि बाराव्या वर्षी बरोबर निम्म्या, म्हणजे ५० घागरी उरतात. जे मूल आज पहिल्या इयत्तेत शिकत आहे ते बारावी उत्तीर्ण होईतो त्या क्षेत्राचे अर्धे उत्पादन नाहीसे झालेले असेल.

जगास रोज सुमारे १० कोटी पिंपे तेल लागते. तेव्हा नवी मागणी मुळीच वाढली नाही, तरी केवळ आहे तेवढे टिकविण्यासाठी दरवर्षी नव्या विहिरी खोदीत राहावे लागते. त्याच अहवालात म्हटले आहे की, २०१९ पासून तेल व वायू काढण्यासाठी जगात जो पैसा खर्च होतो त्यापैकी जवळजवळ ९० टक्के ही घट भरून काढण्यातच जातो. गळका रांजण भरण्यासाठी जे पाणी आणावे लागते, त्यातलाच हा प्रकार होय.

इतर देशांचा अनुभव

मुंबई हायची कथा एकटीची नाही. मेक्सिकोच्या आखातात कांतारेल नावाचे प्रचंड तेलक्षेत्र आहे. तेथून २००४ च्या सुमारास रोज वीस लक्षांहून अधिक पिंपे तेल निघत होते. दहा वर्षांच्या आत ते पाचव्या हिश्श्याहूनही कमी झाले, आणि ज्या सरकारचा खर्च त्या उत्पन्नावर चालत होता त्यास मोठी ओढाताण सोसावी लागली. ब्रिटनला उत्तर समुद्रात तेल सापडले. १९९९ साली त्याचे शिखर झाले आणि २००५ च्या सुमारास तो देश तेल विकणाऱ्याचा पुन्हा विकत घेणारा बनला. इंडोनेशिया १९६२ पासून तेल निर्यात करणाऱ्या राष्ट्रांच्या संघटनेचा सभासद होता. तेथील उत्पादन घटत गेले, लोकसंख्या व मोटारी वाढत गेल्या, आणि २००८ च्या अखेरीस त्यास सभासदत्व स्थगित करावे लागले. कारण निर्यात करावयास तेल उरले नव्हते.

येथे अर्थशास्त्रातील एक महत्त्वाचा धडा आहे. तेल-उत्पादन घटले म्हणजे एका देशाचे दोन्ही बाजूंनी नुकसान होते: विक्रीचे उत्पन्न थांबते आणि खरेदीचा खर्च सुरू होतो. शिवाय तेलास तत्काळ पर्याय नसल्यामुळे पुरवठा थोडासा घटला, तरी भाव पुष्कळ चढतो. साखर महाग झाली तर माणूस चहात कमी घालील. पण पेरणीच्या आठवड्यात डिझेल महाग झाले म्हणून शेतकरी पेरणी पुढे ढकलू शकत नाही. डिझेल महागले की भाडे वाढते, भाडे वाढले की भाजी, धान्य, सिमेंट, खत सर्वच महागते. महागाई आवरण्यासाठी बँका व्याजाचे दर वाढवितात. त्यामुळे कारखाने व घरबांधणी मंदावतात आणि रोजगार कमी होतो. १९७३ व १९७९ च्या तेलसंकटांनंतर जगातील अनेक देशांनी हाच क्रम अनुभविला.

भारताचे देणे

आता पूर्वी लिहून घेतलेला एक आकडा पुन्हा पाहा. १९८४-८५ साली भारतात सुमारे २ कोटी ९० लक्ष टन तेल निघाले. २०११-१२ साली ते सुमारे ३ कोटी ८१ लक्ष टनांपर्यंत चढले होते. पण २०२४-२५ साली पुन्हा सुमारे २ कोटी ८७ लक्ष टनांवर आले. म्हणजे चाळीस वर्षांनंतर आपण उत्पादनात जेथे होतो तेथेच आहो. परंतु ह्याच चाळीस वर्षांत तेलजन्य पदार्थांचा खप सुमारे ३ कोटी ८५ लक्ष टनांवरून सुमारे २४ कोटी टनांवर गेला. उत्पन्न तेवढेच आणि खर्च सहापट, अशी ही स्थिती आहे. त्यामुळे आपणांस लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शेकडा ८८ च्या आसपास भाग परदेशांतून येतो.

ह्याचे ओझे किती, हेही गणिताने काढता येते. २०२४-२५ साली सुमारे २४ कोटी ३० लक्ष टन कच्चे तेल आयात झाले. एका टनात सरासरी ७.३३ पिंपे धरल्यास हे सुमारे १७८ कोटी पिंपे होते. तेलाचा भाव पिंपामागे केवळ एक डॉलरने वाढला, तर वर्षास १७८ कोटी डॉलर अधिक द्यावे लागतात. डॉलरचे ८५ रुपये धरिले, तर ही रक्कम सुमारे १५ हजार कोटी रुपये होते. ज्या निर्णयात आपला काही हात नाही, त्यासाठी आपणांस एवढा भुर्दंड पडतो.

असे ओझे पेलेनासे झाले म्हणजे काय होते, हे १९९१ साली दिसून आले. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळंकृत केले. तेलाचे भाव काही महिने दुप्पट झाले. आखातात काम करणारे आपले लोक परत आले आणि त्यांची घरी येणारी कमाई थांबली. त्याच काळात मुंबई हायचेही उत्पादन घटू लागले होते. सरकारची इतर कर्जेही मोठी होती. तेल हे एकच कारण नव्हते, पण शेवटचा धक्का त्याने दिला. परकीय चलन इतके आटले की, १९९१ च्या जुलैमध्ये देशाला सुमारे ४७ टन सोने परदेशी बँकांकडे गहाण ठेवावे लागले. घरात अडचण आली म्हणजे आई पाटल्या काढून सावकाराकडे पाठविते, ही गोष्ट आपल्या खेड्यांत कोणास ठाऊक नाही? त्या वर्षी सबंध देशावर तीच वेळ आली.

भविष्य सांगणाऱ्यांविषयी

इतके वाचून कोणी म्हणेल की, तेल आता संपणार व जग थांबणार. पण अशा भविष्यवाण्यांबाबत सावध राहावे. मेरियन किंग हबर्ट नावाच्या अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञाने १९५६ साली हिशेब मांडून सांगितले की, अमेरिकेचे तेल-उत्पादन १९६५ ते १९७० च्या दरम्यान शिखर गाठील. १९७० साली तसेच घडले आणि त्याची मोठी कीर्ती झाली. उत्पादन रोज सुमारे ९६ लक्ष पिंपांवरून २००८ पर्यंत ५० लक्षांच्या आसपास आले. परंतु पुढे कठीण शेल खडक फोडून त्यातील तेल काढण्याची रीत निघाली आणि २०२४ साली अमेरिका रोज १ कोटी ३० लक्षांहून अधिक पिंपे तेल काढीत होती. हबर्टने खडकाचा हिशेब बरोबर केला. माणसाच्या कल्पकतेचा व चढत्या भावाचा हिशेब मात्र त्यात नव्हता. मुंबई हायसाठीदेखील २०२५ च्या जानेवारीत एका ब्रिटिश कंपनीचे तांत्रिक साह्य घेण्याचे ठरले, ते उत्पादन पुन्हा वाढावे ह्याच हेतूने.

तथापि ह्यावरून निश्चिंत होणेही बरोबर नाही. नवे तेल अधिक खोल समुद्रातून, अधिक कठीण खडकातून, अधिक खर्चाने मिळते. शिवाय तेलाचा भाव फार कोसळला तरी दुःखच होते. २०१४ च्या मध्यास शंभर डॉलरांवर असलेला भाव २०१६ च्या जानेवारीत तीस डॉलरांखाली गेला, तेव्हा आखाती देशांतील बांधकामे थंडावली आणि तेथे राबणाऱ्या अनेक भारतीयांच्या नोकऱ्या गेल्या; रत्नागिरीकडील कित्येक घरांची चूल आखातातील पगारावर पेटते, हे विसरू नये. २० एप्रिल २०२० रोजी, साथीच्या काळात, अमेरिकेतील बाजारात तेलाचा भाव शून्याच्याही खाली गेला. तेल घ्या आणि वर पैसेही घ्या, असा तो प्रकार होता. आणि दोनच वर्षांनी रशियाने युक्रेनवर स्वारी केली तेव्हा भाव शंभर डॉलरांच्या पुष्कळ पुढे गेला. तात्पर्य, तेल अमुक एका दिवशी संपेल ही खरी भीती नव्हे. ते महाग, लहरी व थोड्यांच्या हाती राहील, ही खरी भीती होय.

आपल्या जिल्ह्याने काय करावे?

आमच्या जिल्ह्यात तेल नाही. पण ऊन आहे, वारा आहे आणि ऊस आहे. भूम, वाशी, कळंब ह्या तालुक्यांच्या माळांवर पवनचक्क्या फिरताना दिसतात. कौडगाव येथे सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करण्याचा प्रकल्प आहे. विहिरीवर सौरपंप बसविण्यासाठी सरकारचे साह्य मिळते. ज्या शेतात डिझेलचे इंजिन होते तेथे सौरपंप आला, तर तेवढे डिझेल कायमचे वाचले.

उसाच्या मळीपासून व रसापासून इथेनॉल तयार करून ते पेट्रोलमध्ये मिसळितात. २०२५ साली हे प्रमाण देशभर शेकडा २० पर्यंत पोचले. ह्याने साखर कारखान्यांस उत्पन्न मिळते व काही परकीय चलन वाचते. परंतु सत्य दोन्ही बाजूंनी सांगितले पाहिजे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच शक्ती असते. ते पेट्रोलमध्ये मिसळले जाते. आणि देशात डिझेलचा खप पेट्रोलच्या दुपटीहून अधिक आहे. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे उसास पाणी फार लागते, आणि आमचा जिल्हा दुष्काळाचा आहे. २०२३ साली पाऊस कमी झाला तेव्हा डिसेंबरात सरकारने रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने घातली होती. तेल वाचविण्यासाठी जमिनीतील पाणी संपविले, तर एक ओहोटी टाळण्यासाठी दुसरी ओढवून घेतल्यासारखे होईल. ज्या गावात पाणी पुरेसे आहे तेथे ऊस लावावा. जेथे टँकर येतो तेथे ऊन व वारा ह्यांवरच भर द्यावा, असे आमचे मत आहे.

ह्यापलीकडे काटकसर ही तर सर्वांच्या हातातली गोष्ट आहे. देशाने विशाखापट्टणम, मंगळूर व पादूर येथे जमिनीखालील गुहांत तेलाचा राखीव साठा केला आहे. तो भरलेला असला तरी देशास साडेनऊ दिवसांच्या आसपासच पुरेल इतका आहे. तेव्हा जे तेल जाळले जात नाही तेच सर्वांत स्वस्त तेल होय. शाळा दोन मैलांवर असेल तर मोटारसायकलऐवजी सायकल बरी. चार शेतकऱ्यांनी आपला माल एकाच टेंपोत भरून मोंढ्यावर नेला तर चौघांचेही भाडे वाचते.

मोठ्या विद्यार्थ्यांस आम्ही एक काम नेमून देत आहो. येत्या महिन्याभर घरात पेट्रोल, डिझेल व स्वयंपाकाचा गॅस किती लागला, ह्याची रोजची नोंद वहीत ठेवावी. ज्या वस्तू विकत आणिल्या त्या किती लांबून आल्या, तेही वडीलधाऱ्यांस विचारून लिहावे. महिन्याच्या शेवटी बेरीज करावी आणि ह्यातले एक-दशांश कसे वाचविता येईल, ह्याविषयी घरात सर्वांनी मिळून विचार करावा. ही वही अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकाइतकीच उपयोगी पडेल. आज जी मुले आमच्यापुढे बसतात त्यांपैकी कोणी उद्या समुद्रातील मंचावर अभियंता होईल, कोणी पवनचक्कीची दुरुस्ती करील, कोणी आपल्याच शिवारात शेती करील. प्रत्येकास हा हिशेब मांडावाच लागणार आहे. तो त्यांस आताच मांडता यावा, एवढ्यासाठी हा पाठ लिहिला आहे.